‘खेळायला घेणार नाही’ असं म्हणायचं नाही!

“बाई, ह्या मला खेळायला घेत नाहीत.”

बालवाडीत किंवा पहिलीच्या वर्गात काम केलेल्या कुणालाही हे वाक्य नवं नाही. दिवसातून चार-पाचदा ते कानावर पडतं आणि आपलं उत्तरही बहुधा तयार असतं. हातातलं काम न सोडता आपण म्हणतो, “घ्या गं तिला पण.” घाईत असलो तर, “जाऊ दे, तू दुसरं काहीतरी खेळ.” आणि कधी कधी तक्रार घेऊन आलेल्या मुलीलाच सुनावतो, “तू सारखी रडतेस, मग कोण घेईल तुला?”

तीन उत्तरं आणि तीन वेगवेगळ्या भूमिका. पहिल्या उत्तरात खेळ सगळ्या वर्गाचा आहे. दुसऱ्यात तो ज्यांनी मांडला त्यांचा आहे, बाईंनी त्यात पडायचं कारण नाही. तिसऱ्यात दोष बाहेर राहिलेल्या मुलीचाच आहे. एकाच वर्गात, एकाच दिवशी आपण ही तिन्ही उत्तरं देतो आणि त्यात काही विसंगती आहे असं आपल्याला वाटतही नाही.

व्हिव्हियन गसिन पेली या अमेरिकन शिक्षिकेला मात्र ती खटकली. त्यातून त्यांनी जे पुस्तक लिहिलं त्याचं नाव ‘यू कान्ट से यू कान्ट प्ले’. मराठीत सांगायचं तर, ‘तुला खेळायला घेणार नाही असं म्हणायचं नाही’. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेनं ते १९९२ साली प्रसिद्ध केलं. पुस्तक छोटं आहे, भाषा सोपी आहे, आणि बालशिक्षणात काम करणारे लोक आजही त्यावर वाद घालतात. मुलांच्या खेळात शिक्षिकेनं हात घालावा का, कुठे आणि किती, याचा विचार करायला यासारखं दुसरं पुस्तक माझ्या वाचनात नाही. ते जिथे अपुरं पडतं, ती जागाही शिक्षकांनी नीट पाहावी अशी आहे.

एका वर्गातला नियम

पेलीबाईंनी (१९२९ ते २०१९) शिकागो विद्यापीठाच्या लॅबोरेटरी स्कूल्समध्ये वर्षानुवर्षं लहान मुलांना शिकवलं. जॉन ड्यूई यांनी १८९६ साली सुरू केलेली ही शाळा. बाईंची कामाची पद्धत साधी होती. वर्गात टेपरेकॉर्डर चालू ठेवायचा, घरी गेल्यावर मुलांचं बोलणं ऐकून उतरवून काढायचं आणि त्यावर विचार करायचा. त्यांची बरीचशी पुस्तकं अशा उतरवलेल्या बोलण्यातून तयार झाली आहेत. १९८९ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. ती बालवर्गाच्या शिक्षिकेला मिळावी ही त्या देशातही विशेष गोष्ट होती.

या पुस्तकातला वर्ग पाच वर्षांच्या मुलांचा आहे. या वर्गात काही मुलं ‘मालक’ आहेत. खेळ कोणता, त्यात कोण येणार आणि कोण नाही हे ती ठरवतात. काही मुलं कायमची दाराबाहेर आहेत. बाईंना अस्वस्थ करते ती बाहेर राहणाऱ्यांची यादी. ती आज एक आणि उद्या दुसरी अशी बदलत नाही, तीच तीच नावं पुन्हा येतात. आणि ही मुलं पुढच्या इयत्तांतही तशीच बाहेर राहतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं आहे. मारायचं नाही, ढकलायचं नाही, वस्तू हिसकायची नाही असे नियम प्रत्येक वर्गात असतात. मग ज्याचा घाव याहून खोल जातो, त्या ‘तू नको’ला मोकळीक का?

म्हणून त्या नियम करायचा ठरवतात, पण लगेच लादत नाहीत. आधी आपल्या वर्गात तो चर्चेला ठेवतात. मग पहिली ते पाचवीच्या वर्गांत जाऊन मोठ्या मुलांना विचारतात: असा नियम न्याय्य आहे का? आणि तो चालेल का? पुस्तकातला हा भाग फार सुंदर आहे. न्याय्य आहे असं बहुतेक मुलं मान्य करतात, चालेल याबद्दल मात्र त्यांना शंका आहे. बोलता बोलता मुलं स्वतःला कुणी, कधी, कसं बाहेर ठेवलं ते सांगू लागतात. काहींचं म्हणणं पडतं की करायचाच तर हा नियम लहानपणीच करा, आमच्यासाठी आता उशीर झाला. जगात बाहेर ठेवलं जाणारच, तेव्हा त्याची सवय आत्ताच झालेली बरी, असंही एक मत येतं.

सर्वांत ठाम विरोध पेलीबाईंच्या स्वतःच्या वर्गातली लिसा करते. कुणालाही घ्यायचंच असेल तर मग खेळायचं तरी कशाला, असा तिचा सवाल आहे. बाई तो सवाल उडवून लावत नाहीत. पुस्तकभर तो त्यांचा पाठलाग करतो. या सगळ्याबरोबर बाई मुलांना मॅगपाय नावाच्या पक्ष्याची एक लांबलचक गोष्ट रचून सांगत असतात. एकटं पडणं, अनोळखी असणं, सोबत मिळणं हे विषय त्या गोष्टीतून मुलांपर्यंत पोचतात. शेवटी नियम लागू होतो आणि बाईंना वाटलं होतं त्यापेक्षा सहज मुलं तो पत्करतात.

पुस्तकाचं बळ

हे पुस्तक आलं तोवर एकट्या पडलेल्या मुलाला मदत करायची म्हणजे त्या मुलाला सुधारायचं, असा समज रूढ होता. त्याला बोलायला शिकवा, वाट पाहायला शिकवा, रडू नको म्हणून सांगा. आपलं तिसरं उत्तर याच जातीचं. पेलीबाईंनी प्रश्न उलटा मांडला. बाहेर राहिलेलं मूल बदलण्याआधी गटाची सवय बदलायला हवी, आणि ते काम गटावर अधिकार असलेल्या माणसाचं म्हणजे शिक्षिकेचं आहे. ‘मुलांचं मुलं बघून घेतील’ असं म्हणून शिक्षिका बाजूला झाली तर ती तटस्थ राहत नाही, तिचं वजन आपोआप ‘मालकां’च्या पारड्यात पडतं. या एका मुद्द्यासाठीही पुस्तक वाचावं.

आपल्याकडे तर हा मुद्दा आणखी टोकदार होतो. गावातल्या अंगणवाडीत कुणी कुणाशेजारी बसायचं, कुणाच्या हातचं घ्यायचं नाही, हे मूल कधी कधी घरूनच शिकून येतं. चार वर्षांच्या मुलाला त्याचं कारण ठाऊक नसतं, वागणं तेवढं ठाऊक असतं. तिथे शिक्षिका गप्प राहिली तर वस्तीतली भिंत वर्गात येते. पेलीबाईंनाही हा अनुभव परका नव्हता. त्यांच्या ‘व्हाइट टीचर’ (१९७९) या पुस्तकाचा विषय वर्गातला वर्णभेद आणि त्याबाबतचं स्वतःचं अवघडलेपण हाच होता.

नकार दोन प्रकारचे

आता अपुरेपणाकडे येऊ. पेलीबाईंच्या नियमात प्रत्येक नकार सारखा आहे. तो तसा असतो का?

विल्यम कोर्सारो या समाजशास्त्रज्ञांनी सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कले इथल्या एका बालशाळेत दीर्घकाळ बसून मुलांचा खेळ पाहिला. त्यांचं पुस्तक १९८५ साली आलं. मोठ्या माणसाला मुलांच्या खेळात प्रवेश मिळवणं सोपं नव्हतं. मोठी माणसं येतात ती सूचना द्यायला किंवा भांडण सोडवायला, हे मुलांना माहीत असतं. म्हणून कोर्सारो मुलांच्या जागेत जाऊन नुसते बसत आणि मुलं आपणहून बोलेपर्यंत वाट पाहत.

अशा बसण्यातून त्यांना दिसलं की चालू खेळात येऊ पाहणाऱ्या मुलाला आतली मुलं पुष्कळदा अडवतात, पण त्यामागे नेहमी दुष्टावा नसतो. या वयाचे एकत्र खेळ फार अल्पायुषी असतात. बरेचसे दहा मिनिटंही टिकत नाहीत. कोणी पाणी प्यायला गेलं की मोडले. त्यामुळे जमलेला खेळ राखून ठेवण्याची मुलांची धडपड चालते, आणि ‘तू नको’ हे बऱ्याच वेळा त्या राखणीचं वाक्य असतं.

आपल्या भातुकलीचं उदाहरण घेऊ. दोघींनी घर मांडलंय. एक आई, दुसरी शेजारीण. बाळाला ताप आलाय, डॉक्टरला निरोप गेलाय, चुलीवर भात आहे. यातलं डोळ्यांना काहीच दिसत नाही. चूल म्हणजे तीन दगड, भात म्हणजे वाळू, ताप तर फक्त दोघींच्या मनात. तेवढ्यात तिसरी येऊन म्हणते, “मला घ्या.” तिला घ्यायचं तर थांबायला हवं, आतापर्यंतचं सगळं सांगायला हवं, तिला कोण करायचं ते ठरवायला हवं. चार वर्षांच्या मुलींना हे एका वेळी झेपत नाही. पत्त्यांचा बंगला उभा राहत असताना कुणी टेबलाला हात लावू नये असं वाटावं, तसंच हे. अशा वेळी बाई आल्या आणि म्हणाल्या, “घ्या गं तिला पण,” तर तिघी एकत्र येतात, पण खेळ मोडतो. पाच मिनिटांनी तिघीही तक्रार घेऊन आपल्याकडे येतात.

ज्या मुलांना प्रवेश मिळतो ती काय करतात हेही कोर्सारोंनी टिपलं. सरळ ‘मी खेळू का?’ असं विचारणाऱ्याला नकार मिळण्याचीच शक्यता जास्त. त्यांनी वर्णन केलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. दोन मुली वाळूत खेळत आहेत. तिसरी लांबून पाहते, वाळूच्या जागेभोवती फेऱ्या मारते, मग आत जाऊन बसते आणि त्या करतात तसंच काहीतरी करू लागते. तिला आधी हटकलं जातं. ती निघून जात नाही, रडतही नाही. थोडी वाळू आपल्यालाही मिळू शकते असं म्हणते, आपण मैत्रिणी आहोत याची आठवण देते, आणि थोड्या वेळात ती खेळात असते. हे कौशल्य आहे. काही मुलं ते गल्लीत, भावंडांत आपोआप शिकतात, काहींना कुणी दाखवावं लागतं.

तेव्हा नकार दोन प्रकारचे आहेत असं माझं म्हणणं आहे. एक नकार खेळ वाचवण्यासाठी असतो, आज हिला तर उद्या तिला. दुसरा नकार मुलाला असतो: खेळ कोणताही असो, तेच मूल बाहेर. ऐकायला दोन्हींचे शब्द सारखेच. पहिल्या ठिकाणी नियम दाखवला तर खेळाचं नुकसान होतं, दुसऱ्या ठिकाणी नाही दाखवला तर मुलाचं. पेलीबाईंचा राग दुसऱ्या नकारावर होता आणि तो योग्यच होता. पण नियम त्यांनी दोन्हींसाठी एकच केला, आणि आत कसं यायचं याबद्दल तो नियम काहीच सांगत नाही.

लिंबूटिंबू

दुसरा प्रश्न प्रवेशानंतरचा. आत घेतलं, पुढे काय?

मराठी मुलांकडे यावर त्यांचं स्वतःचं एक उत्तर पूर्वापार आहे: लिंबूटिंबू. धाकटं भावंडं मागे लागलं की त्याला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, पण तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही. कुणाही मोठ्या माणसानं न सांगता मुलांनी शोधलेली ही सोय फार शहाणपणाची आहे. खेळही वाचतो आणि धाकटाही रडत नाही. पण हेच लेबल बरोबरीच्या मुलीला लागलं तर? नियम आहे म्हणून तिला आत घेतलं, आणि ‘तू मांजर हो, मांजर बोलत नाही’ असं सांगून कोपऱ्यात बसवलं तर? नियम पाळला गेला, तक्रार करायला जागा उरली नाही, आणि तरीही ती बाहेरच आहे.

पेलीबाईंच्या पुस्तकात एकाच वर्गाची हकीगत आहे. ती प्रामाणिक आहे, पण तुलनेसाठी दुसरा वर्ग नाही, मोजणी नाही. ते काम पुढे अमांडा हॅरिस्ट आणि डेनिस ब्रॅडली यांनी केलं. काही बालवर्गांत हा नियम लागू करून आणि काहींत न करता त्यांनी तुलना केली. २००३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष दुहेरी आहे. नियम असलेल्या वर्गांतल्या मुलांनी एकमेकांबरोबर खेळायला आवडतं असं जास्त प्रमाणात सांगितलं. मात्र वर्गातल्या आपल्या संबंधांबद्दलची नाराजीही त्यांच्यातच वाढलेली दिसली. याचा अर्थ अनेक प्रकारे लावता येईल. चर्चेमुळे मुलं या गोष्टीकडे अधिक बारकाईनं पाहू लागली असतील, किंवा आत जाऊनही लिंबूटिंबूच राहिल्याची भावना असेल. माझा कल दुसरीकडे आहे, पण तो केवळ अंदाज आहे. एवढं नक्की, की नियमानं दार उघडतं. आत मिळणारी जागा त्याला ठरवता येत नाही.

त्या जागेसाठी पेलीबाईंकडेच एक उपाय होता, आणि मला वाटतं तो त्यांच्या नियमापेक्षा मोठा आहे. त्यांच्या वर्गात मूल आपली गोष्ट सांगे, बाई ती शब्दशः लिहून घेत, आणि मग सगळा वर्ग ती गोष्ट करून दाखवी. आज एकाची गोष्ट, उद्या दुसऱ्याची. जे मूल खेळाच्या दाराशी अडतं त्याचीही गोष्ट येते, आणि त्या दिवशी बाकीचे त्याच्या जगात पाहुणे असतात. इथे कुणालाही ‘घ्या’ म्हणावं लागत नाही.

आपलं रोजचं बोलणं

पुस्तक वाचून असं वाटू शकतं की शिक्षिका नियम करते तेव्हाच तिचा खेळावर परिणाम होतो. प्रत्यक्षात तो सकाळी हजेरीपासूनच सुरू झालेला असतो.

लेसी हिलिअर्ड आणि लिन लिबेन यांचा एक प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांची ५७ मुलं. काही वर्गांत शिक्षिकांना एवढंच सांगितलं की दोन आठवडे मुलगे आणि मुली असा उल्लेख जाणीवपूर्वक करायचा: अभिवादन करताना, रांग लावताना, फलकावर कामं लावताना. मुली अशा असतात, मुलगे तसे असतात असलं काहीही शिकवायचं नव्हतं. बाकीच्या वर्गांत नेहमीसारखं, असा उल्लेख टाळून काम चाललं. दोन आठवड्यांनंतर पहिल्या वर्गांतल्या मुलांमध्ये मुलगे-मुलींबद्दलच्या ठरीव समजुती वाढलेल्या आढळल्या, दुसऱ्या गटातल्या मुलांबद्दलचं मत उतरलेलं आढळलं, आणि मोकळ्या वेळात मुलगे-मुली एकत्र खेळण्याचं प्रमाण घटलं. दुसऱ्या वर्गांत असा बदल झाला नाही.

हे वाचताना आपल्या शाळेतला फळा माझ्या डोळ्यांसमोर आला. वरच्या कोपऱ्यात तारीख, खाली पट आणि हजर, आणि त्यात मुले इतकी, मुली इतक्या. मुलांची रांग वेगळी, मुलींची वेगळी. प्रश्नाचं उत्तर आलं की ‘बघा, मुलींनी बाजी मारली!’ शासनाला आकडे हवे असतात ते ठीक, पण ते रजिस्टरात राहू शकतात. रांग उंचीनं लागू शकते, आजच्या कपड्यांच्या रंगानं लागू शकते.

याच्या उलट बाजूचा एक जुना प्रयोगही आहे. लिसा सर्बिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली तो प्रसिद्ध केला. मुलगा आणि मुलगी मिळून खेळताना दिसले की शिक्षिकेनं सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांचं कौतुक करायचं. एकत्र खेळणं स्पष्टपणे वाढलं. कौतुक थांबवलं तेव्हा ते पुन्हा पहिल्या पातळीवर आलं. म्हणजे शाबासकीचा परिणाम शाबासकीपुरता असतो. रांग, फळा, बसण्याची व्यवस्था या गोष्टी मात्र रोज, न थकता, आपल्या नकळत बोलत राहतात.

क्योतोमधली गप्प शिक्षिका

पेलीबाईंच्या अगदी विरुद्ध टोकाचं उदाहरण १९८९ च्या ‘प्रीस्कूल इन थ्री कल्चर्स’ या पुस्तकात आहे. जोसेफ टोबिन, डेव्हिड वू आणि डॅना डेव्हिडसन यांनी जपान, चीन आणि अमेरिका इथल्या बालशाळांचं चित्रण केलं आणि ते तिन्ही देशांतल्या शिक्षकांना दाखवून त्यांची मतं घेतली. क्योतोच्या कोमात्सुदानी शाळेत हिरोकी नावाचा चार वर्षांचा मुलगा दिवसभर धुडगूस घालतो, दुसऱ्यांना मारतो, चित्रांची कार्डं गच्चीवरून खाली टाकतो. एक मुलगी तक्रार घेऊन येते. शिक्षिका तिला, तूच काहीतरी कर, असं सुचवून परत पाठवते. हे पाहून अमेरिकन शिक्षक चक्रावले. जपानी शिक्षिकांचं म्हणणं असं की हिरोकीला आवरायला शिकायचं आहे ते मुलांकडून, आणि मुलांनाही त्याला आवरायला शिकायचं आहे. त्या वर्गात एका शिक्षिकेमागे तीसच्या आसपास मुलं होती. ती संख्या त्यांना अडचण वाटत नव्हती. शिक्षिका सतत हाताशी नसली तरच मुलं एकमेकांकडे वळतील, असं त्या म्हणत.

मुलांवर लक्ष ठेवून, तयार राहून, पण हात न घालता पाहण्याला जपानीत ‘मिमामोरु’ असा शब्द आहे. दुर्लक्ष आणि मिमामोरु लांबून सारखेच दिसतात. फरक एवढाच की दुसऱ्यात शिक्षिकेला विचारलं तर आज कोण कुणाबरोबर खेळलं, कोण तीन दिवस एकटं आहे, हे ती सांगू शकते. हे तिला सांगता येत नसेल, तर ‘मुलांचं मुलं बघून घेतील’ ही पळवाट ठरते.

आधी मोजू या

वर म्हटलेले दोन नकार ओळखायचे कसे? त्यासाठी एक जुनं, बिनखर्चाचं साधन आहे. मिल्ड्रेड पार्टन यांनी मिनेसोटा विद्यापीठाच्या बालशाळेत केलेल्या निरीक्षणांवरचा त्यांचा निबंध १९३२ साली प्रसिद्ध झाला. एकेका मुलाकडे एक मिनिट पाहायचं आणि ते काय करतंय याची नोंद करायची, अशी त्यांची रीत. नोंदीचे सहा प्रकार: कशातच नाही, नुसतं पाहतंय, एकटं खेळतंय, शेजारी बसून तसंच पण आपापलं खेळतंय, इतरांबरोबर मिसळून खेळतंय, आणि ठरवून वाटणी करून एकत्र खेळतंय. एक खबरदारी घ्यावी. एकटं खेळणं म्हणजे मागासलेपण नव्हे. ठोकळ्यांत रंगून गेलेलं मूल एकटं असूनही मजेत असतं. पाहायचं आहे ते दाराशी उभं असलेलं मूल.

वर्गाची यादी घ्यावी आणि मोकळ्या खेळाच्या वेळी रोज दहा मुलांना एकेक मिनिट द्यावं. तीस मुलांचा वर्ग तीन दिवसांत पाहून होतो, दोन आठवड्यांत प्रत्येकाच्या चार नोंदी जमतात. शेजारी आणखी एक रकाना असावा: कुणाला ‘नको’ म्हटलं गेलं, कुणाकडून. नावं विखुरलेली असतील तर आपण बाजूला राहावं. फार तर आत येऊ पाहणाऱ्या मुलीच्या कानात सांगावं, “त्यांचं बाळ आजारी आहे वाटतं. औषध घेऊन जा बघू.” एवढ्यानं खेळ मोडत नाही, उलट पुढे जातो. पण एकच नाव तीन-चारदा आलं, तर तिथे पेलीबाईंचा नियम हवा, तो स्पष्ट शब्दांत हवा, आणि वर्गाशी बोलून केलेला हवा.

आपली परिस्थिती शिकागोची नाही. तिथे बाहुल्यांचा कोपरा वेगळा, ठोकळ्यांचा वेगळा. एका कोपऱ्यातून हाकललेल्या मुलाला दुसरा असतो. आपल्या अंगणवाडीला बहुधा एकच खोली आणि समोरचं अंगण, तीन ते सहा वर्षांची सगळी मुलं एकत्र. इथे ‘तू दुसरीकडे खेळ’ या उत्तराला अर्थच नाही, कारण दुसरीकडे काही नसतंच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडच्या परिसरात बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, ती शाळेपर्यंत पोचू न शकणाऱ्या मुलांसाठी. त्या अंगणात येऊनही एखादं मूल रोज कडेलाच उभं राहत असेल, तर ते अजून शाळेत यायचंच आहे.

पेलीबाईंचं पुस्तक प्रश्न सोडवत नाही. लिसाच्या सवालाला त्यांच्याकडे पूर्ण उत्तर नाही, आणि ते नाही हे त्या लपवत नाहीत. पण पुस्तक मिटल्यावर “बाई, ह्या मला खेळायला घेत नाहीत” हे वाक्य पूर्वीसारखं ऐकू येत नाही. हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवून, हे नाव या आठवड्यात कितव्यांदा आलं, असा प्रश्न मनात येतो. तेवढ्यासाठी तरी हे पुस्तक बालवाडीच्या प्रत्येक ताईच्या आणि बाईंच्या हाती मराठीतून पडायला हवं.